शेजाऱ्याला विचारून बघायचं नाटक

गेले दोन महिने बेळगावात चार नाटकवाले एकत्र बसले की पाचव्या मिनिटाला एकच विषय निघतो, वडगावच्या मागाच्या शेडमध्ये पोरांनी केलेलं ते नाटक, आणि दहाव्या मिनिटाला आवाज चढलेले असतात. एक बाजू म्हणते मराठीचा लढा चालू असताना मराठी पोरांनी नाटकात अर्धी वाक्यं कानडी घातलीच कशी. दुसरी बाजू म्हणते कलेला भाषा नसते, तुमचीच मनं लहान. मला दोघांचंही ऐकून कंटाळा आलाय, कारण नाटकाबद्दल कुणीच बोलत नाही आणि बोलणाऱ्यांतल्या निम्म्यांनी ते बघितलेलंही नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. सीमाभागातल्या मराठी माणसाचं दुखणं इतकं नेमकं पकडलेलं नाटक मी गेल्या कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं आणि ते पकडता आलं ते त्या कानडी वाक्यांमुळेच. ती काढा, नाटक संपलं. आणि "कलेला भाषा नसते" म्हणत जे पोरांच्या बाजूने उभे राहिलेत त्यांनी पोरांचं जास्त नुकसान केलंय, त्यांच्याकडेही येतो.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शेड म्हणजे खरंच शेड, पत्र्याची, संध्याकाळी बंद केलेले पॉवरलूम आणि त्यांच्या मधली वाट हेच स्टेज. कडेने सतरंज्या, हवेत कापसाचं तूस, ट्यूबलाइट चालूच कारण अंधार करायचाच नाही हे आधीच ठरलेलं. माणसं साठ-सत्तर असतील, मागवाले, त्यांच्या घरातल्या बायका, पोरंटोरं, आणि टिळकवाडीहून आलेले आमच्यासारखे काही ज्यांना आता खाली बसलं की उठताना मागाला धरावं लागतं. गोष्ट अगदी साधी. एक म्हातारी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत चार घड्या घातलेला शेताचा उतारा. उतारा कानडीत, तिला वाचता येत नाही. ती तो कारकुनाकडे घेऊन जाते. कारकून वाचतो, सगळं कानडीत, ऑफिसच्या कोरड्या सुरात, मध्ये मराठीचा एक शब्द नाही, आणि शेवटी कागद परत करत म्हणतो, "निम्म हेसरु इल्लरी अज्जी." म्हातारी मान हलवते, बरं बरं म्हणते, कागदाची घडी परत तशीच घालते, पिशवीला गाठ मारते. तिला वाटतं काम झालं.

आता शेडमध्ये काय झालं ते ऐका. ज्यांना कानडी येत होतं ते एकदम गप्प झाले आणि ज्यांना येत नव्हतं ते म्हातारीसारखेच निवांत. माझ्या पुढे एक बाई बसली होती तिने शेजारणीला कोपराने ढोसलं, "काय म्हणालाय गे त्यो?" शेजारीण वर न बघता म्हणाली, "नाव न्हाई म्हणालाय तिचं." मग ती कुजबुज सतरंजीवरून सतरंजीवर सरकत गेली, मागच्या दारात उभ्या असलेल्या पोरांपर्यंत. नट थांबले होते. ते मुद्दाम थांबतात हे नंतर कळलं, कुजबुज पार शेवटपर्यंत पोचेपर्यंत दोघांनी हलायचं नाही. ज्या क्षणाला सगळ्या शेडला कळलं त्या क्षणाला तिथे एकटी म्हातारी उरली जिला माहीत नाही. मी सोळा वर्षं हौशी नाटकात प्रॉम्प्टिंग केलंय, विंगेत वही धरून उभं राहण्यात माझी जवानी गेली, पण अख्खा प्रेक्षकच प्रॉम्प्टर झालेला मी पहिल्यांदा बघितला. वाक्य सगळ्यांना माहीत आणि पुढे होऊन तिला सांगायला कुणालाच परवानगी नाही.

दुसऱ्या भागात उलटं होतं. म्हातारीची सून सौंदत्तीकडची, तिला मराठी येत नाही, म्हातारी तिला मराठीत सांगत राहते की विहिरीतला तुझा हिस्सा मी वेगळा लिहून ठेवलाय, कागद कुठे ठेवलाय, आणि सून नुसती भाकरी थापत हूं हूं करते. आता कानडी मागवाले अस्वस्थ. "एनंताळ्री आकी?" असं माझ्या उजव्या बाजूच्या म्हाताऱ्याने मला विचारलं आणि मी मोडक्यातोडक्या कानडीत त्याला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा नाटक चालू असताना बोललो आणि कुणी श्शू केलं नाही.

या पोरांचं म्हणणं काय आहे ते त्यांच्या दिग्दर्शकाने मला नंतर चहा पिताना एका वाक्यात सांगितलं. नाटकातून एकेक गोष्ट काढत जायची आणि नाटक कुठे मरतं ते बघायचं. हे काही त्याने शोधलेलं नाही, हे त्यालाही माहीत आहे. पोलंडमध्ये ग्रोटोव्हस्कीने १९६० च्या दशकात हेच केलं, मेकअप काढला, भपकेदार नेपथ्य काढलं, लाइटचे खेळ काढले, आणि म्हणाला नट आणि प्रेक्षक एवढे दोन राहिले तरी नाटक राहतं, त्याला त्याने नावच दिलं गरीब रंगभूमी. आपल्याकडे बादल सरकारांनी ते आणखी पुढे नेलं. सरकार पेशाने इंजिनिअर, नगररचनेतला माणूस, 'एवम् इंद्रजित' सारखं नाटक लिहून देशभर नाव झालेलं, रंगमंचाच्या चौकटीत राहून सुखाने जगता आलं असतं, पण १९७० च्या दशकात त्यांनी ती चौकटच सोडली, आपल्या शताब्दी या ग्रुपला घेऊन हॉलच्या बाहेर पडले आणि कलकत्त्याच्या पार्कात, खेड्यांत, अंगणात नाटकं करायला लागले. तिसरी रंगभूमी म्हणायचे तिला. उचलून नेता यावी, कुठेही बसवता यावी, पैसा लागू नये. म्हणजे एकाने सजावट काढली, दुसऱ्याने स्टेज आणि तिकीट काढलं. माझ्या मते वडगावच्या पोरांनी आणखी एक गोष्ट काढली जी काढायचं मला तरी कधी सुचलं नसतं. सगळ्यांना सगळं कळेल ही हमीच काढून टाकली.

इथे लगेच कुणी म्हणेल, बघा, शेवटी आलात ना तिथेच, प्रायोगिक म्हणजे न कळणारं! नाही, थोडं थांबा. जे नाटक कुणालाच कळत नाही त्यात प्रत्येक जण आपापल्या खुर्चीत एकटा बसून आपल्याला कळतंय असं तोंड करतो, अशी नाटकं मीही पुष्कळ बघितलीत आणि दोन-तीन तर प्रॉम्प्टही केलीत, देवाशपथ नटांनाही कळत नव्हती. इथे कळणं त्या शेडमध्येच होतं, फक्त ते शेजाऱ्याकडे होतं आणि त्याच्याकडून मागून घ्यावं लागत होतं. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आता विरोध करणाऱ्यांचं जे खरं आहे ते मान्य करायलाच पाहिजे, आणि त्यात बरंच खरं आहे. इथे मराठीला जागा कमी कमी होत चाललीय हे कुणी नाकारत असेल तर त्याने एक दिवस तालुका ऑफिसला येऊन दाखवावं. कागद कानडीत, फॉर्म कानडीत, २०२४ च्या कायद्याने दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड, महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून, आणि १९५६ ला ज्यांनी पहिला मोर्चा काढला त्यांची नातवंडं आता म्हातारी व्हायला लागली. अशा ठिकाणी मराठी नाटक ही नुसती करमणूक राहत नाही, दोन तास आपली भाषा मान वर करून ऐकायची ती जागा असते. आम्ही एकदा नाटकाची तारीख मिळवून, पैसे भरून, पोस्टर लावून बसलो होतो आणि आदल्या दिवशी हॉलवाल्यांनी तोंड फिरवलं, कारण एवढंच की पोस्टर नुसत्या मराठीत होतं. कुठला हॉल ते सांगत नाही, पण ती संध्याकाळ मी विसरलेलो नाही, मेकअपचा डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसलेला आमचा हिरो अजून डोळ्यासमोर आहे. तेव्हा कुणाला कानडी वाक्य स्टेजवर ऐकून टोचलं तर मी त्याला मूर्ख म्हणणार नाही. शिवाय इथे साहित्याचं आणि नाटकाचं व्यासपीठ नुसतं कलेचं कधीच नव्हतं. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तोच मुळी १९४६ च्या बेळगावच्या साहित्य संमेलनात. आणि सर्वांत बोचरा प्रश्न, कानडी नाटकात मराठी वाक्यं कोण घालतंय? देवाणघेवाण म्हणायची तर देणारे नेहमी आम्हीच का?

या शेवटच्या प्रश्नाला इतिहासातून एक ठरलेलं उत्तर दिलं जातं. १८४३ ला सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ बघून सांगलीच्या पटवर्धन राजेसाहेबांनी तसं मराठीत करा म्हणून सांगितलं तेव्हा. ज्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० ला 'शाकुंतल' करून संगीत नाटक उभं केलं ते आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, भाव्यांचा खेळ झाला त्याच वर्षी जन्मलेले. संगीत नाटकातल्या कानडी चाली हा तर अभ्यासकांचा नेहमीचा विषय. म्हणजे मराठी रंगभूमीच मुळात कानडीच्या अंगणातून आलीय, मग आता कसली सोवळी? हे उत्तर मला अर्धवट वाटतं आणि समोरचा त्याला बरोबर पकडतो, की बाबा तेव्हा भाषावार राज्यं नव्हती, भाषेवरून कुणाचा उतारा अडत नव्हता, पटवर्धनांच्या दरबारातल्या गोष्टी आजच्या तहसीलदाराला कशा लावता? खरं आहे की.

म्हणून मी दुसरं उदाहरण देतो, जे आपल्याकडे कुणी देत नाही कारण ते आपल्याला जरा झोंबतं. १८७० च्या दशकात हुबळी, धारवाड, गदग या पट्ट्यात मराठी नाटक कंपन्यांचं राज्य होतं. कानडी माणूस स्वतःच्या गावात तिकीट काढून मराठी नाटक बघत होता. याचा राग येऊन गदगच्या शांतकवींनी कानडी नाटक मंडळी उभी केली. म्हणजे आज आपल्याला जे वाटतं अगदी तेच त्यांना वाटत होतं, आपल्या गावात आपली भाषा पाहुणी झालीय. मग त्यांनी काय केलं? मराठी कंपन्यांनी जी नाटकाची तऱ्हा रुळवली होती तीच उचलली आणि तिच्यात कानडी भरली. त्यांना कुणी मराठीला शरण गेला म्हणालं का? आज कर्नाटकात त्यांना कन्नड रंगभूमीचे आद्य पुरुष म्हणून मान आहे. भाषेचं भांडण मनापासून भांडणारा माणूससुद्धा समोरच्याकडचं हत्यार घेतो, नव्हे, त्यालाच ते घ्यायची जास्त गरज असते. पोरांनी कारकुनाच्या तोंडी कानडी घातली तेव्हा त्यांनी नेमकं हेच केलं. ज्या भाषेत म्हातारीचं नाव गेलं ती भाषा जशीच्या तशी ऐकू येऊ दिली. तोच कारकून मराठीत बोलला असता तर? म्हातारीला कळलं असतं, ती रडली असती, आपण टाळ्या वाजवून घरी आलो असतो. कागद न कळण्याची जी भीती आहे, हातात उतारा धरून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत राहण्याची, ती मोर्चातल्या भाषणात मी शंभर वेळा ऐकलीय पण अंगावर आली ती त्या दिवशी शेडमध्ये. आणि मला कानडी येतं, हे लक्षात घ्या.

राहिला प्रश्न आम्हीच का देतो याचा. दुसरा भाग ज्यांनी बघितला त्यांनी हा प्रश्न विचारू नये असं मला वाटतं, कारण त्यात देणारे आम्ही होतो आणि मागणारे ते. माझ्या शेजारच्या कानडी म्हाताऱ्याला वीस मिनिटं माझ्यावर अवलंबून राहावं लागलं. सरकारी जीआरने ही गोष्ट कधी घडवलीय का?

आता "कलेला भाषा नसते" वाल्यांकडे. हे वाक्य पुण्या-मुंबईत कॉफी पिताना म्हणायला ठीक आहे, बेळगावात म्हणणं म्हणजे जखमेवर हळद लावतो सांगून तिखट लावणं. कलेला भाषा नसती तर त्या शेडमध्ये कुजबुज झालीच नसती, सगळ्यांना एकाच वेळी सगळं कळलं असतं आणि नाटक दहाव्या मिनिटाला संपलं असतं. हे पूर्ण नाटक भाषा नावाच्या भिंतीवर उभं आहे आणि तुम्ही त्याचं कौतुक करताना म्हणता की भिंतच नाही! शिवाय या समर्थनाने पोरांना विनाकारण "आम्ही भाषेच्या वर आहोत" अशा गटात ढकललं, जिथे ती कधीच नव्हती. त्यातली दोन पोरं दर १ नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनेच्या दिवशी, इथली मराठी माणसं निषेधाची काळ्या दिनाची फेरी काढतात तिच्यात असतात, मी स्वतः बघितलीत.

तिसरी एक बाजू आहे, ती वाद घालत नाही, नुसती हसते. आपल्या लोकांची पातळी नाही हो एवढी, त्यांना विनोदी काहीतरी द्या. या लोकांनी एकदा शिमोग्याकडे हेग्गोडूला जाऊन यावं. सुपारीच्या बागांतलं खेडं, तिथे के. व्ही. सुब्बण्णांसारख्या सुपारीवाल्या माणसाने आणि त्यांच्या मित्रांनी १९४९ ला नीनासम ही नाट्यसंस्था सुरू केली आणि गावकऱ्यांनी शेक्सपियरपासून ब्रेख्तपर्यंत सगळं बघितलं. १९८५ पासून त्यांची तिरुगाट मंडळी गावोगाव नाटकं घेऊन फिरते. मागवाल्याला नाटक कळत नाही म्हणणाऱ्याने कधी मागवाल्याला तुटलेला धागा शोधताना बघितलेलं नसतं, एवढंच म्हणतो आणि पुढे जातो.

मला या सगळ्यात राहून राहून 'घाशीराम कोतवाल' आठवतं. १९७२ च्या डिसेंबरात पुण्यात प्रयोग सुरू झाले, १९ प्रयोगांनंतर संस्थेने बंद केलं, मग करणारी मंडळी बाहेर पडली आणि १९७३ ला थिएटर अकॅडमी झाली. तेव्हा वाद कशावरून होता? नाना फडणवीसांची बदनामी, ब्राह्मणांची बदनामी, शत्रूच्या हातात कोलीत. आणि त्या नाटकाने खरं जे केलं होतं, माणसांचीच भिंत उभी केली होती, ती भिंत कधी पडदा व्हायची, कधी पाठ फिरवून मागे चाललेलं झाकायची, त्यावर त्या गदारोळात किती लोक बोलले? नानांच्या बदनामीचा हिशोब मांडणाऱ्यांना ती भिंत दिसली नाही. आपल्याकडे कानडी वाक्यांचा हिशोब चाललाय. एका गृहस्थांनी मला खरोखर आकडा सांगितला, एवढी वाक्यं कानडी आणि एवढी मराठी. मी विचारलं तुम्ही वही घेऊन बसला होता का, तर म्हणाले नाही, मी बघितलं नाही, भाच्याने मोजली.

आता नाटकात काही चुकतच नाही असं नाही. दुसरा भाग पहिल्याच्या निम्म्यानेही बांधलेला नाही, सुनेला भाकरी थापण्यापलीकडे काही दिलेलं नाही आणि ती बिचारी हूं हूं करून दमते. मध्येच एक जण हलगी वाजवत फेरी मारतो, ते कशासाठी ते मला कळलं नाही, लोकनाट्याचा शिक्का मारल्यासारखं वाटलं, ती काढा म्हणून मी सांगितलंय. आणि एक मोठी अडचण जी पोरांनी अजून नीट धरलेली दिसत नाही. हे नाटक वडगावात उभं राहतं कारण तिथे एकाच सतरंजीवर दोन्ही भाषा बसतात. खानापूरच्या पलीकडे जांबोटीकडच्या गावात नेलं तर विचारायला शेजारी कानडी येणारा कुणी सापडेल का? तिकडे बैलहोंगलला नेलं तर उलटा प्रश्न. म्हणजे ज्या पट्ट्यावरून आपण सत्तर वर्षं भांडतोय तेवढ्याच पट्ट्यात हे चालतं, त्या बाहेर ते नुसतं एक अर्धवट कळणारं नाटक होईल. पुण्याच्या स्पर्धेत नेलं तर परीक्षकांना हातात कागदावर भाषांतर छापून द्यावं लागेल आणि ते दिलं की मेलंच. काही जण याला नाटकाची मर्यादा म्हणतात. मला उलट बरं वाटलं की कधी नव्हे ते एक नाटक पुण्याला जाऊन शाबासकी घ्यायच्या लायकीचं नाही.

टॉवेल फिरवून जे जमलं त्यातून टेम्पोचं भाडं आणि सगळ्यांचा चहा निघाला म्हणे. पुढचा प्रयोग येळ्ळूरकडे करायचं चाललंय, भाताची मळणी उरकली की, खळ्यातच. ज्यांनी बघितलं नाही आणि तरी रोज बोलतायत त्यांनी भाच्याला न पाठवता स्वतः यावं. थंडी असेल, घोंगडं आपलं आपण आणायचं, आणि बसताना ओळखीच्या माणसाशेजारी बसू नका.